गिटारमधली अडकायची जागा

हुडकेश्वरला मी ज्या काकूंकडे भाड्यानं राहतो, त्यांचा मुलगा रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. नववीतून शाळा सोडून कोकणातून आलेल्या मला काकू रोज गरम पोळी देतात, हे विसरून कसं चालेल?

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, गणपतीत बँडचा कार्यक्रम होता. एका गाण्यात सरावाला त्याची बोटं हमखास अडखळायची. भिंतीपलीकडून ऐकून मला ती जागा पाठ झाली होती. कार्यक्रमात ती जागा जवळ आली तसं मी मनात म्हटलं, अडक.

शेजारी बसलेल्या काकूंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा मुलगा सफाईनं पुढे गेला.

"निघाला गा, निघाला! मले वाटलं, आता अडकते का काय!" काकूंनी रोखलेला श्वास सोडला.

माझ्यासाठी असा श्वास कोणी कधी रोखला होता? टाळ्या मात्र मी सगळ्यांत जोरात वाजवल्या, काकूंना दिसाव्यात म्हणून.