जावेच्या हातचा मसाला

माझा चेहरा सुजायला लागला त्याला आता चार वर्षं होतील. सकाळी उठावं तर एक डोळा बंद, वरचा ओठ नाकाला टेकलेला, गाल तट्ट. संध्याकाळपर्यंत उतरायचं. रोज नाही, म्हणूनच तर कळेना. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी हातावर ओळीनं टोचून पाहिलं, रक्त तपासलं. धूळ, अंडं, शेंगदाणे, कोळंबी, सगळे निर्दोष सुटले. मग घरच्यांनी आपापल्या परीनं शोध लावले. नवऱ्यानं उशी बदलली, शेजारणीनं मीठमोहऱ्या उतरवल्या, आणि डॉक्टरीणबाई नाही म्हणत असतानाही मी वर्षभर कोळंबी सोडली. तळवलीसारख्या खाडीकाठच्या गावात राहून कोळंबी सोडणं म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

या सगळ्यात माझ्या जावेचं काहीच बिघडलं नाही, हे माझं खरं दुखणं. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, माहेर जासईचं. आमच्याच जमिनीवर बांधलेल्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर, चूल मात्र एक. ही बाई काहीही खाते, कुठलंही क्रीम तोंडाला फासते, आणि सकाळी चेहरा बघावा तर घासून ठेवलेल्या ताटासारखा. लग्नाचे फोटो आले की मी आधी तिचा चेहरा बघायचे. माझा बघायची हिंमतच नसायची.

डॉक्टरकडे मला तीच न्यायची, कारण नवऱ्याची ड्युटी. मांडीवर माझी फाइल घेऊन बसायची. एकदा तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं तिला विचारलं, सासूबाईंचा जुना रिपोर्ट आणलाय का. जाऊ हसली. मला हसता येईना, ओठच हलत नव्हता. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

तिच्याकडे सगळं असताना माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, वर्षाचा मसाला. आमच्या घरात मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवत नाहीत. ते थोरल्या सुनेला तोंडी सांगायचं. सासूबाईंनी जाण्याआधी मला सांगितलं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात सामान मी आणायचं, भाजायचं मी, आणि कांडपावर पोत्याशेजारी बसायचं तेही मीच. जावेनं गच्चीवर मिरच्या वाळवायच्या आणि देठं काढायची, बस. वर्षभर कुणीही आमच्याकडचं कालवण वाखाणलं की मी मान खाली घालून भात वाढायचे आणि आतून फुगायचे. ती सूज मला आवडायची.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मसाल्याच्या खकाण्यापासून लांब राहा. नवऱ्यानं जेवताना जाहीर करून टाकलं, यंदा मसाला धाकटी करेल, तू नुसतं तिला सांग. मला विचारलंसुद्धा नाही. चेहरा गेला तो गेला, आता हेही जाणार.

मी सांगितलं. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे, खसखस, लवंग, नागकेशर, सगळं. फक्त दगडफूल सांगितलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलं. तिचा मसाला फिका पडावा, घरानं नाक मुरडावं, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनी माझ्या पाया पडत यावं, असा साधा हिशेब. तिनं मान डोलावली आणि मी सांगितलं तेवढंच सामान आणलं.

मसाला झाला. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी दोनदा कालवण मागून घेतलं आणि म्हणाला, यंदा पोटाला हलका वाटतो. दीर म्हणाला, वहिनी, तू आता निवृत्त हो. मी ताट तसंच ठेवून उठले. जळून खाक होणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

पण त्या रागात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि माझा चेहरा एकदाही सुजला नव्हता. मग माझ्या मावसबहिणीच्या घरी हळदीचं जेवण झालं. तिथलं मटण खाल्लं आणि दुसऱ्या सकाळी दोन्ही डोळे बंद. आरशासमोर उभी राहून मी बोटानं पापणी उघडली आणि तेव्हा कुठे मला दगडफूल आठवलं.

वाशीला पुन्हा जावेनंच नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मधले सहा महिने बरं होतं तर घरच्या जेवणात काय बदललं होतं? जाऊ माझ्या शेजारी बसलेली. काही नाही म्हणाले असते तर अब्रू राहिली असती आणि तोंड असंच सुजत राहिलं असतं. एकदा घशापर्यंत सूज गेली तर काय होईल, हे बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

मी म्हणाले, "मसाल्यात दगडफूल नव्हतं. मीच हिला सांगितलं नाही."

बाईंनी लिहून घेतलं. एवढ्यावरून नक्की म्हणता येणार नाही, पण तपासून बघू, तोवर ते बंद, म्हणाल्या. मी जावेकडे बघितलं नाही.

खाली रिक्षाची वाट बघत उभ्या होतो तेव्हा तीच बोलली. "वयनी, मना भाजतानाच वासावरना समजला व्हता, दगडफूल नाय त्या. आमचे जासईलाबी त्या टाकतान मसाल्यान. मना वाटला, तुना त्याचाच तरास व्हतं, म्हनून तू काढलास. मंग मी बी नाय टाकला."

एवढं बोलून तिनं माझी फाइल पिशवीत नीट ठेवली. इतकं चांगलं असायची हिला काय गरज होती, एवढंच माझ्या मनात आलं.