न आलेल्यांची चौकशी

विभागात तिला सगळे 'शंकासूर' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. ती जनावरांची डॉक्टर. कॅन्सर झालेल्या कुत्र्यामांजरांना रेडिएशन देणं हे तिचं काम. भूल दिलेल्या जनावराचं डोकं साच्यात नीट बसवायचं, बाहेर येऊन जाडजूड दार लावायचं आणि त्याची छाती वरखाली होतेय ना, हे बाहेरच्या पडद्यावर डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं.

कुत्र्यांच्या नाकातल्या गाठींवर विभागाने केलेल्या उपचारांचा शोधनिबंध लिहायचं काम तिच्याकडे आलं. निकाल झकास दिसत होते, दुष्परिणाम नावापुरते. विभागप्रमुख सर खुशीत होते. हिचंच घोडं एका ठिकाणी अडलं. बरीच कुत्री उपचार संपल्यावर तपासणीला फिरकलीच नव्हती आणि त्या सगळ्यांपुढे 'तक्रार नाही' असं लिहिलं होतं.

"सर, आली नाहीत म्हणजे बरी आहेत, हे कशावरून?"

"अगं, सगळे असंच लिहितात. आता फाटे फोडू नकोस."

तिने फोडलेच. जेवणाच्या सुट्टीत डबा समोर ठेवून ती एकेका घरी फोन लावायला बसली. कुणाचा नंबर बदललेला, कुणी "आता कशाला?" म्हणून फोन ठेवलेला. एक बाई तर नुसती रडत राहिली, हिच्या हातातला घास हातातच राहिला. घरी आई कुरकुरायची, "दिवसभर परक्यांशी बोलतेस आणि माझ्या वाट्याला नुसतं हं-हं!"

एके दिवशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांना फोन लागला. त्यांची तपकिरी कुत्री तिला चांगली आठवत होती.

"गेली गं ती," आजोबा म्हणाले. "पण त्याआधी बरेच दिवस मजेत होती. फक्त उजवा डोळा गेला. आधी लाल झाला, मग पांढरा. खुर्च्यांना धडकायची बिचारी."

"मग दाखवायला का नाही आणलंत, आजोबा?"

"तू इतकं जीव तोडून केलंस, पोरी. आणि वर डोळा गेला म्हणून सांगायला यायचं? तुला वाईट वाटलं असतं."

माणसं चांगली होती, म्हणून गप्प होती. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर ती प्रत्येकाला डोळ्यांबद्दल आवर्जून विचारू लागली. आणखी काही घरांतून तेच निघालं. तिने निबंध नव्याने लिहिला: किती जणांचा पत्ताच लागला नाही, किती डोळे गेले, किरणांची मात्रा नेमकी कुठे, किती आणि कशी दिली. दुसऱ्या कुणालाही पडताळून पाहता यावं, इतकं सगळं.

सरांचा चेहरा उतरला. "आपलं नाक कापलं जाईल की गं!"

"नाकाचेच तर उपचार आहेत, सर."

त्यांना नको असताना हसू फुटलं. तरी काही दिवस त्यांनी कागद दाबून ठेवलेच, मग मुकाट्याने सही केली.

एका नियतकालिकाने 'निकाल सामान्य' म्हणून निबंध परत पाठवला. दुसऱ्याने छापला. कौतुकबिवतुक काही झालं नाही. मात्र एका अनोळखी डॉक्टरचा फोन आला. निबंध वाचून त्याने एका कुत्र्याच्या उपचाराची आखणी बदलली होती, डोळा वाचेल अशी. घरच्यांनाही धोक्याची आधीच कल्पना दिली होती.

आता विभागात न आलेल्यांना फोन करणं हे रोजच्या कामातच धरलंय. काही फोन सर स्वतः करतात. फार मोठ्याने बोलतात, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात.