बिराजदार मॅडमचं यीस्ट

बिराजदार मॅडम प्रयोगशाळेत आल्या की पर्स ठेवायच्या आधी यीस्टच्या प्लेटांची झाकणं उचलून वास घ्यायच्या. वास बरोबर आला तर कपाळाला आठी पडे. मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला गेले, तेव्हा माझी एम.एस्सी.ची गुणपत्रिका त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिली होती. खरी आहे असं कळल्यावरही चेहरा काही सैल झाला नाही.

मॅडम अक्कलकोटकडच्या. घरी कन्नड, कॉलेजात मराठी. कुणी काही छान सांगितलं की "सुळ्ळु" असं पुटपुटायच्या, म्हणजे खोटं. भाजीवालीच्या काट्यापासून प्राचार्यांच्या हसण्यापर्यंत त्यांना सगळ्यातच सुळ्ळु दिसे. प्रयोगशाळा सांभाळणारे मोमीनचाचा म्हणत, मॅडम देवळातला प्रसादसुद्धा उलटापालटा करून बघत असतील.

आमचं काम यीस्टमधल्या एका इवल्याशा प्रथिनावर होतं. ते चालू झालं की पेशीला नवा कोंब कुठल्या बाजूला फुटायचा ते ठरतं, पेशीचा आतला सांगाडा त्या बाजूला वळतो, आणि बाहेर टाकायच्या मालाच्या पिशव्या तिकडे निघतात. मॅडम पोरांना सांगायच्या, "मार्केट यार्डातला मुकादम समजा. त्यानं हात दाखवला की हमाल पोती तिकडं नेत्यात. मुकादम झोपला की पोती जाग्यावर. पेशी नुसती फुगून बसती बगा."

आमच्या यीस्टमधला हा मुकादम मुद्दाम बिघडवलेला होता. गारव्यात तो काम करी, उष्णता वाढली की बंद पडे. आम्ही त्या यीस्टमध्ये दुसरा एक जनुक घातला आणि चक्क उष्णतेतही कोंब फुटले. म्हणजे मुकादमाला बदली माणूस मिळाला होता! शोधनिबंध स्वीकारला गेला. महिनाअखेरीला मॅडम निवृत्त होणार होत्या आणि एवढ्या मोठ्या नियतकालिकात त्यांचं नाव पहिल्यांदाच येणार होतं. मी पेढे आणले. त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"लई गोड झालंय," त्या म्हणाल्या. "घातलेला जनुक काढून टाक आणि परत बघ."

मला राग आला. पण काढला. आणि जनुक नसतानाही उष्णतेत कोंब फुटतच राहिले. आमच्या जनुकानं काहीच केलं नव्हतं.

मग मॅडमचा संशय सुटला तो वणव्यासारखा. मोमीनचाचांनी साधं यीस्ट मिसळलं असणार. ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "मैं तो झाकन को बी हात नै लगाता, मॅडम." मग माझ्यावर पाळी. मी घाईत प्लेटा बदलल्या असणार. शेवटी त्यांनी विचारलं, मूळ यीस्टची प्लेट एप्रिलमध्ये कुठे होती?

एप्रिलमध्ये फ्रिज बिघडला होता आणि ती प्लेट बाहेर टेबलावर होती. ज्या परदेशी पुस्तकावरून आम्ही काम करत होतो, त्यात लिहिलं होतं की हे यीस्ट काही दिवस खोलीच्या तापमानाला ठेवलं तरी चालतं. पण ती खोली कुठली आणि सोलापूरच्या एप्रिलमधली आमची खोली कुठली! त्या भट्टीत बिघडलेला मुकादम ज्या थोड्या पेशींत आपोआप दुरुस्त झाला, तेवढ्याच वाढल्या, आणि आम्ही त्यांच्यावरच प्रयोग केला.

"बाहेर ठेवायला कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही, मॅडम."

मॅडमनी मोमीनचाचांना बोलावून, माझ्यासमोर, हात जोडून माफी मागितली. चाचा बिचारे गोंधळून दाराकडे सरकले. त्यानंतर मॅडमनी संगणक उघडला आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं. मला रडू येत होतं. माझ्या पदवीपेक्षा त्यांच्यासाठी. मी म्हणाले, राहू द्या ना, कुणाला कळणार आहे? दोन आठवड्यांत तुम्ही घरी.

त्यांनी माझ्याकडे नेहमीच्याच नजरेनं पाहिलं.

"आणि घरी बसून काय करू? ह्ये झाकलं तर उद्या भाजीवालीला तरी कुठल्या तोंडानं म्हनू, काटा नीट धर म्हनून?"

पत्र गेलं. त्या महिनाअखेरीला मॅडम तो निबंध नसतानाच निवृत्त झाल्या.