पेडगावपर्यंतची ट्रायल

"बंद पडू द्या, ताई. बंद पडल्याबिगर बिमारी कळत न्हाई," असं म्हणून ते माझ्या शेजारी बसायचे आणि पालथा हात गाडीच्या टेपवर ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा.

परभणीतलं त्यांचं टेप दुरुस्तीचं दुकान आता बंद आहे. ते चुडाव्याला लेकीकडे राहायला गेलेत. टेप दुरुस्त करणारे तुम्हीही पाहिले असतील. ते टेप बाहेर काढून टेबलावर तपासतात. यांना तो गाडीत बसवलेला, रस्त्यावर चालता हवा असे. म्हणून ते गिऱ्हाइकाबरोबर ट्रायलला निघत, आणि ट्रायल नेमकी त्यांच्या कामाच्या दिशेनं जाई. पहिल्या ट्रायलमध्ये आम्ही त्यांचं दळण आणलं. दुसरीत साडूची तब्येत विचारून आलो. साडूच्या दारातच टेप बंद पडला.

"पंधरा मिनिटं," ते समाधानानं म्हणाले. "तापला की झोपायलाय. च्या घेता?"

मला चहा नको होता, शुक्रवारच्या आत टेप हवा होता. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पेडगावच्या शेतकरी मेळाव्यात मला अर्धा तास बोलायचं होतं, तेही मराठीत. मी शिकले इंग्रजी शाळेत. घरी मराठी बोलते, पण चार लोकांसमोर उभी राहिले की मराठी शब्द आठवत नाहीत. म्हणून भाषण लिहून, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून, पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. गाडीत येता-जाता ऐकायचं. पण पंधरा मिनिटांनी टेप बंद पडायचा आणि चालू झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. परिणामी अर्धं भाषण तोंडपाठ आणि उरलेल्याचा पत्ता नाही.

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ट्रायलला मी गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावत असे. बुधवारी बदलायला विसरले.

"नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो," गाडीत माझाच आवाज घुमला. मी घाईनं हात पुढे केला.

"राहू द्या, ताई. टेपवर लोड बराबर पडायलाय." त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "ह्या कोण?"

"मीच."

"लय अवघड बोलायल्यात. 'प्रातिनिधिक नमुना' म्हंजी?"

"म्हणजे शेतातल्या पाच-सहा जागांची माती घ्यायची, कालवायची आणि त्यातली अर्धा किलो आणायची."

"मंग असंच म्हना की. आमी काय परीक्षा द्यायलोत?"

एवढ्यात टेप बंद पडला. त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि तिथंच तो उपसून बाहेर काढला. मागच्या पोकळीत लाल कापडाची पुरचुंडी गच्च कोंबलेली होती. अंगारा आणि सुपारी. मी एकटी गाडी चालवायला लागले तेव्हा आईनं कुणाकडून तरी ठेवून घेतली असणार. टेपची सगळी गरमी तिथंच कोंडत होती.

त्यांनी शर्टाला हात पुसले, पुरचुंडी ओंजळीत घेतली आणि समोरच्या कप्प्यात ठेवली.

"आईला सांगा, देवाची जागा बदलली. तिथं त्यालाबी गरम व्हायलं असंल."

शुक्रवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी हजर. "पुरा अर्धा तास चालतो का बघाय लागंल."

"पेडगावात तुमचं काय काम आहे?"

"हाय एक."

टेप एकदाही थांबला नाही. भाषणाचा उत्तरार्ध मी दोन दिवसांत जमेल तेवढा ऐकला होता. तरी मंडपात पूर्वार्ध संपला आणि पुढचं आठवेना म्हणून मी कागद काढला. कागदावरच्या ओळी दिसत होत्या, वाचता येत नव्हत्या. पुढच्या रांगेतला एक जण चपला शोधू लागला.

मागून आवाज आला. "ताई, बांधावरची माती आनली तर चालती का?"

तेच होते. चेहरा अगदी पाच एकरवाल्याचा.

"बांधावरची नको," मी म्हणाले. "झाडाखालची, उकिरड्याजवळचीही नको. शेतात मधून-मधून पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खणा..."

मग एका आजोबांनी विहिरीजवळच्या पांढऱ्या पडलेल्या मातीचं विचारलं. मग दुसऱ्यानं. कागद मी कधी खाली ठेवला, कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर शेजारचा शेतकरी त्यांना विचारत होता, "किती हाय तुमाला जमीन?"

"कुंडीबी न्हाई हो. म्या टेपवाला."

"मंग आमच्या ट्रॅक्टरचा बघता का? खरखर करायलाय."

मी मंडपाबाहेर आले तेव्हा ते त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून निघाले होते. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं, पण माती कधी घेऊन यायची हे विचारणारे सात-आठ जण माझ्याभोवती उभे होते, आणि मी त्यांना सांगत राहिले.