उपचार फक्त उजव्या पायावर

डुबकीताईला पाण्याबाहेर चालताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. पोहायला शिकणाऱ्या बायकांची सकाळची बॅच यायच्या आधीच ती तलावात उतरलेली असायची आणि शेवटची बाई कपडे बदलायला गेली की मगच वर यायची. लाजून नव्हे, पाण्यात तिला बरं वाटायचं म्हणून. घाबरणाऱ्या बाईच्या पाठीखाली ती तळहात धरायची आणि काढायच्या आधी सांगायची, "आता सोडते हं." बाकीचे शिकवणारे गुपचूप हात काढून घेतात आणि वर "बघ, तरंगलीस की!" म्हणून मिरवतात. तिला ते पटायचं नाही. त्यामुळे तिच्याकडे शिकायला जास्त दिवस लागायचे, पण एकदा शिकलेली बाई पुन्हा काठ धरायची नाही.

मग नवा मॅनेजर आला. फाटकावरच्या फलकासाठी त्याने सगळ्यांचे फोटो काढले, डुबकीताईचा शिडी चढताना, मागून. तो फोटो त्याने स्क्रीनवर मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"ताई, राग मानू नका. पण बायका शिकवणारीकडे बघून येतात. हे असं बघून कोण येईल?"

तिने पाहिलं. मांड्यांच्या मागच्या बाजूला खळगेच खळगे. आयुष्यभर ती याच मांड्यांच्या जोरावर पाणी कापत आली होती. पण त्या मागून कशा दिसतात, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

"सध्या काउंटर सांभाळा," मॅनेजर म्हणाला. "जरा शेपमध्ये आलात की सकाळची बॅच तुमचीच."

बॅच एका काडीसारख्या पोरीकडे गेली. डुबकीताई लॉकरच्या चाव्या देत काचेमागे बसू लागली. तिथून तलाव दिसत नव्हता. फक्त शिट्टी ऐकू यायची आणि क्लोरीनचा वास यायचा. तहानलेल्या माणसाला नळाचा आवाज ऐकवावा तसं ते होतं.

संध्याकाळी पोहायला येणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी तिला काचेमागे पाहिलं आणि कारण विचारलं. तिने सांगून टाकलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"याला सेल्युलाइट म्हणतात. हा काही आजार नाही, बहुतेक बायकांना असतं, बारीक बायकांनासुद्धा. कातडीखाली दोऱ्यांसारखे पट्टे असतात. ते कातडी आत ओढतात आणि मधली चरबी वर फुगते. गादीला टाके घातलेत ना, तसं."

"मग टाके उसवायचे?"

"आम्ही रेडिओलहरींनी आतून शेक देतो. त्याने कातडी आवळते, खळगे कमी दिसतात, असं म्हणतात. खरंच किती दिसतात तेच तपासायला आम्ही काही बायकांवर अभ्यास करतोय. उपचार फक्त उजव्या पायावर. डावा तसाच ठेवायचा, तुलनेला. येतेस? फुकट आहे."

"आणि डावा?"

"फरक पडला तर डावाही करून देईन. शब्द देते."

डुबकीताईच्या डोक्यात एवढंच शिरलं की एवढे शिकलेले लोक, एवढी यंत्रं लावून जे करतायत, ते खोटं कसं असेल? ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली.

दवाखान्यातल्या खोलीत जमिनीवर पावलांचे ठसे चिकटवलेले होते. दर वेळी त्यांच्यावरच उभं राहायचं, दिवा तोच, कॅमेरा तेवढ्याच अंतरावर. मग टेपने मांडीचा घेर. मग पालथं झोपायचं. मशीन चालवणारी मुलगी गार जेल लावायची आणि हातातलं यंत्र मांडीवर गोल गोल फिरवायची. गार जेल बघता बघता ऊन व्हायचं.

"ताई, चटका नाही ना बसत? बसला तर लगेच सांगा, लाल होऊ द्यायचं नाही."

घरात गरम-गार विचारायचं काम डुबकीताईचं. तिला कुणी विचारलं नव्हतं. उशीत तोंड खुपसून ती म्हणायची, "नाही गं, फिरव."

काही आठवड्यांनी तिला फरक दिसायला लागला. स्नानगृहाच्या आरशात मान मुरडून ती बघायची. उजवी मांडी घट्ट, गुळगुळीत. डावी तशीच. एका रविवारी तिने लिफ्टदुरुस्ती करणाऱ्या नवऱ्याला बोलावलं.

"नीट बघून सांगा. कुठली चांगली दिसते?"

"दोन्ही तुझ्याच की."

"थट्टा नको. एक सांगा."

तो वाकला, चष्मा वर केला, लिफ्टचा दोर तपासावा तसा गंभीर झाला. "ही," म्हणत त्याने डावीकडे बोट दाखवलं.

"कर्म माझं! उपचार उजवीवर चाललेत!"

"मग उपचार थांबव. बिचारी डावी काही न करता पुढे गेली."

दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला. जन्मभर स्क्रू बघणाऱ्याला काय कळणार!

शेवटच्या दिवशी मशीनवाल्या मुलीने विचारलं, "ताई, किती समाधानी आहात? थोड्या, बऱ्यापैकी की पूर्ण?" मुलीचे हात जेलने चिकट झालेले होते, कपाळावरचे केस ती कोपराने मागे सारत होती. डुबकीताईला वाटलं, कमी सांगितलं तर हिच्याच कामाला नावं ठेवल्यासारखं होईल. शिवाय आरसा काही खोटं बोलत नव्हता.

"पूर्ण," ती म्हणाली. मुलगी खुलली.

निकाल सांगायला डॉक्टरबाई आपणहून काउंटरवर आल्या.

"फोटो बाहेरच्या दोन डॉक्टरांना दाखवले. उपचार कुठल्या पायावर झालाय हे त्यांना सांगितलं नव्हतं. निम्म्या वेळा त्यांनी बरोबर ओळखलं, निम्म्या वेळा चूक. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. टेपने घेर किंचित कमी भरला, पण तो दोन्ही पायांचा."

"माझ्या फोटोत?"

डॉक्टरबाई घुटमळल्या. "दोघांनीही डावा पाय निवडला."

डुबकीताईने चाव्यांचा जुडगा उगाच सरळ केला. "पण मला दिसला हो फरक. मी रोज बघत होते."

"म्हणूनच तर न सांगता दाखवतात. आपल्याला हवं असतं ते आपल्याला दिसतं. मलाही दिसलं असतं." मग खाली बघून म्हणाल्या, "कुणाला थोडा फायदा होतही असेल. पण आमच्या बायका मोजक्या, दिवस थोडे. यावरून छातीठोक काही सांगता येत नाही. डाव्या पायाचं मात्र आता राहू दे."

चारच दिवसांत फाटकावर दवाखान्याचा फलक चढला. गुळगुळीत पाय, वर काडीसारख्या पोरीचं हसू आणि खाली ठळक अक्षरांत: आमच्या अभ्यासात दहापैकी नऊ स्त्रिया समाधानी. तलावाच्या सभासदांना सवलत, कूपन काउंटरवर.

डुबकीताईने डॉक्टरबाईंना गाठलं. "हे काय?"

"दवाखान्यातल्या भागीदाराने केलंय." डॉक्टरबाई पोहायची टोपी हातात पिळत होत्या. "वाक्य खोटं नाही. तुम्ही बायकांनीच तसं सांगितलंत."

त्या नऊजणींत आपण आहोत, हे डुबकीताईला तेव्हा कळलं. फलकावरच्या त्या वाक्यात तिचाही वाटा होता.

मॅनेजर तर उत्साहाने फुगला होता. "ताई, तुम्ही स्वतः घेतलंय ना? बायका तुमच्या शब्दावर उडी मारतात. दोन शब्द चांगले बोला आणि सोमवारपासून बॅच तुमची. ती पोरगी तशीही सकाळी उठायला कुरकुरते."

त्या संध्याकाळी ती बराच वेळ रिकाम्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसली. फक्त "हो" म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते.

सोमवारी बायका काउंटरपाशी जमल्या. पुढे भागूबाई होती. बँकेत नोटा मोजणारी ही बाई गुडघाभर पाण्यातही किंचाळायची, म्हणून बॅचने तिला हे नाव दिलं होतं. डुबकीताईने तिला तरंगायला शिकवलं होतं.

"ताई, खरं सांग. पडतो फरक? तू म्हणशील तर मी घेते."

मागे मॅनेजर टेबलावर टेकून ऐकत उभा होता.

डुबकीताईने तोंड उघडलं आणि तिला वाटलं होतं त्याहून वेगळंच बाहेर आलं. "नाही गं. मला वाटलं पडला. पण डॉक्टरांना माझा उपचार केलेला पाय कुठला तेही ओळखता आलं नाही. फलकावरच्या त्या नऊजणींतली एक मीच."

मागून कुणीतरी फिदकन हसलं. मॅनेजर आत निघून गेला.

भागूबाई काचेपलीकडून तिच्या मांड्यांकडे बघत होती. तिने कीव आल्यासारखी मान हलवली. "अगं, तुझे खळगे फार जुने असतील. आणि एकाच पायावर केलं त्यांनी तुझ्या. मी दोन्हीवर घेणार."

"भागूबाई, मी काय सांगितलं तुला?"

"ऐकलं गं. पण तुझ्यावर नाही चाललं म्हणून आमच्यावरही चालणार नाही असं थोडंच आहे? नऊजणी का खोटं बोलतील?"

"त्यांतली एक मीच, म्हणते ना!"

"राहिल्या की आठ," मागची म्हणाली आणि सगळ्याच हसल्या. "मलाही एक द्या. वहिनीसाठी अजून एक."

आतून शिट्टी वाजली. पोरगी बायकांना पाण्यात बोलावत होती. हात आत येत राहिले. डुबकीताई एकेक कूपन फाडत गेली, सोबत लॉकरची चावी. भागूबाईचं कूपन तिने काचेखालून सरकवलं, पण लगेच सोडलं नाही.

"शेक घेतलास की त्या दिवशी पोहू नकोस," ती म्हणाली. "कातडी हुळहुळी होते. क्लोरीन झोंबेल. आणि जास्त गरम लागलं तर लाजू नकोस, लगेच सांग."

मग तिने बोटं उचलली.