हंगेरीच्या ड्रमरचे कान

अबू धाबीच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात आमच्या क्लिनिकपुढे सकाळी कंपन्यांच्या बसेस येऊन थांबतात. त्यांतून उतरणाऱ्या माणसांचे मी कान तपासते. कोणी दिवसभर ग्राइंडर चालवतो, कोणी पत्रे ठोकतो. अशांचे कान वर्षातून एकदा तपासून घ्यावे लागतात. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आया तो दबाना, कितना भी छोटा हो." बाहेर मशीनवर बसून मी एकेक बारीक आवाज सोडते. त्याने बटण दाबलं की माझ्याकडे दिवा लागतो. काम एवढंच. हे हिंदी वाक्य मी झोपेतही बोलते असं नवरा सांगतो.

खोटं बोलणाऱ्यांची मला सवय आहे. ऐकू येत नाही हे कंपनीला कळलं तर मशीनवरून काढून गोडाऊनला टाकतील, या भीतीने माणसं अंदाजपंचे बटण दाबत सुटतात. "मॅडम, सब सुनाई देता है, एकदम क्लियर." मी आवाजच सोडलेला नसतो तेव्हाही दिवा लागतो, आणि मी सोडते तेव्हा ते भिंतीकडे बघत बसलेले असतात. मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तो हौसेने कान फोडून घेणाऱ्यांचा. पुण्यात माझी उमेदवारी ढोल-ताशाच्या पथकांतल्या मुलांचे कान तपासण्यात गेली. गणपती झाले की आया त्यांना धरून आणायच्या. पोरं ऐकून घ्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा ढोल बांधायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते मी त्या वयात शिकले.

म्हणून हा हंगेरियन माणूस पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. रमजानचा महिना होता. कुठल्याही कंपनीच्या बसमधून न उतरता तो रस्त्यावरून चालत आत आला. उंच, पिकलेले केस मागे बांधलेले, माझ्याच वयाचा, म्हणजे पन्नाशीला टेकलेला. कानात सारखी शिट्टी वाजते म्हणाला. काय काम करता विचारलं तर म्हणाला, ड्रम वाजवतो. मी पेन खाली ठेवलं.

त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं आणि माझं ऑफिसपुरतं, त्यामुळे आमचं बोलणं मी इथे माझ्या भाषेत सांगते. तो आणि त्याच्या बँडमधले आणखी चौघे अबू धाबीतल्या एका हॉटेलच्या गच्चीवर रोज संध्याकाळी जुनी इंग्रजी प्रेमगीतं वाजवायचे, काळे कोट घालून, लोकांच्या काट्याचमच्यांचा आवाज ऐकू येईल इतक्या हळू. रमजानमध्ये त्या गच्चीवर गाणं-बजावणं बंद. तेवढा महिना त्यांना मोकळा मिळायचा आणि त्या महिन्यात ते स्वतःचं संगीत वाजवायचे. आमच्या मागच्या गल्लीत बंद पडलेल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपवरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. मुसफ्फात आवाजाची तक्रार कोण करणार?

मी तपासलं. उंच पट्टीतले आवाज दोन्ही कानांतून गेलेले होते. इअरप्लग घाला, आणि खरं म्हणजे बंद करा, असं मी सांगितलं. तो हसला, "थँक यू, डॉक्टर" म्हणाला. मी डॉक्टर नाही हे सांगायचा मी आता कंटाळा करते.

त्या रात्री जेवताना घरी सहज बोलले, तर मुलीने मान वर केली. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, आता कॉलेजात आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. बँडचं नाव ऐकल्यावर तिने ताट बाजूला सारलं.

"मम्मा, आर यू सिरियस? दे आर लेजंड्स. लाइक, अनलकी लेजंड्स, बट स्टिल."

"हे असलं कसलं संगीत असतं म्हणे?"

"प्रोग्रेसिव्ह मेटल. इट्स मेटल, सुपर लाउड रॉक, बट विथ मॅथ्स."

त्यांची सगळी कथा मला तिच्याकडून कळली. शाळेत असताना सहा मित्रांनी हा बँड काढला, गावाबाहेरच्या वाइनच्या एका तळघरात. गाणी तो ड्रमर रचायचा. एकेक गाणं आपल्या डब्यातली पोळीभाजी खाऊन संपेल एवढं लांब, आणि त्यात ताल कुठे बदलेल त्याचा नेम नाही. चार अल्बम आले. तिसऱ्याचं परदेशात कौतुक झालं, आणि नेमकी तेव्हाच रेकॉर्ड कंपनी बुडाली. पुढे एका व्हॅनमध्ये झोपून त्यांनी अर्धा युरोप पालथा घातला. कुठे दोनशे माणसं यायची, कुठे वीस. कीबोर्डवाल्याचं लग्न झालं, त्याने बेकरी टाकली. मग करोनात सगळंच बंद पडलं, आणि एजंट म्हणाला, अबू धाबीत हॉटेल आहे, खाणं-राहणं आहे, जाता का?

"सो सॅड," मुलगी म्हणाली आणि मोबाइलवर त्यांचं एक गाणं लावलं. नवऱ्याने उठून दुसऱ्या खोलीत टीव्ही लावला. मी ऐकत राहिले, पण खरं सांगते, मला त्यात फक्त एक माणूस आपल्या कानांची माती करताना ऐकू येत होता.

पुढच्या रमजानला तो पुन्हा आला. इअरप्लग घालतो म्हणाला. घालत नव्हता, ते तपासणीत दिसलंच. उंच पट्टीतलं नुकसान आता मधल्या पट्टीपर्यंत उतरलं होतं, म्हणजे समोरच्याचं बोलणंही निम्मं निसटत असणार. मी चिडून त्याला बरंच बोलले. तो माझ्या ओठांकडे बघत होता. आपण ओठ वाचतोय हे माझ्या आधी त्याच्याच लक्षात आलं आणि त्याने नजर वळवली. मला तेव्हा वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला.

तिसऱ्या वर्षी तो एकटा आला नाही. बरोबर त्यांचा गायक होता, जाडसर, टक्कल पडलेला, लहानपणापासूनचा मित्र. तो बाहेर बाकावर एका बिहारी वेल्डरशेजारी बसला. आत आल्यावर ड्रमरने मला काय ते सांगितलं. जर्मनीतल्या एका मोठ्या बँडने त्यांना आपल्या दौऱ्यात आधी वाजवायला बोलावलं होतं. इतक्या वर्षांत असं बोलावणं आलं नव्हतं आणि पुन्हा येणार नव्हतं. पण मोठ्या स्टेजवर दिवे, पडद्यावरची चित्रं, सगळं कॉम्प्युटरच्या टिकटिकीवर चालतं. ती टिकटिक ड्रमरच्या कानात वाजते आणि बाकीचे ड्रमरवर चालतात. त्याला ती ऐकू येते का, अशी मित्रांना शंका होती. ठरलं असं होतं की कान तपासायचे. ठीक असले तर तो जाईल. नसले तर बँड दुसरा ड्रमर घेऊन जाईल.

"ठीक असतील," तो म्हणाला. "या वर्षी मला बरं वाटतंय."

कान बरे होत नसतात. सर्दी बरी होते, मळ निघतो; आवाजाने मेलेला कान परत येत नाही. त्याला काचेच्या खोलीत माझ्याकडे पाठ करून बसवलं आणि सुरुवात केली.

आणि दिवा लागत गेला. उंच पट्टीत लागला, मधल्या पट्टीत लागला. आमची रीत अशी असते की माणसाने बटण दाबलं की आवाज आणखी बारीक करायचा, दाबलं नाही की थोडा वाढवायचा. असं खाली-वर करत त्याला ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज गाठायचा. तो अगदी बारीक आवाजाला दाबत नव्हता, थोडा वाढवला की दाबत होता. चांगले कान असलेला माणूस जसं दाबेल तसंच. आवाज नसताना दिवा एकदाही लागला नाही. कागदावर जो आलेख उमटत होता तो तिशीतल्या माणसाचा होता.

मशीन बिघडलं असं आधी वाटलं. हेडफोन माझ्या कानाला लावून बघावा म्हणून उठणार होते, तेवढ्यात काचेतून त्याची मान दिसली. ती किंचित हलत होती, ठेक्यावर हलते तशी.

मग मी मशीनवरचं बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं.

दिवा लागला. थांबून पुन्हा लागला. मग जरा जास्त थांबून पुन्हा. एवढ्या वर्षांत मी हजारो माणसांना आवाज सोडले, आणि नियम असा आहे की दोन आवाजांमधलं अंतर सतत बदलतं ठेवायचं. मी बदलत होते अशी माझी समजूत होती. समोरचा दिवा मला दाखवत होता की मी तेच तेच करत आले होते. दोन जवळजवळ, एक लांब, पुन्हा दोन जवळजवळ, मग खूप लांब. त्याने दोन वर्षांत दोनदाच मला ऐकलं होतं, उरलेल्या अर्ध्या कानांनी, आणि माझा ठेका पाठ करून ठेवला होता. कुठे दाबायचं आणि कुठे सोडून द्यायचं, तेही त्याने मोजून ठेवलं असणार. रिकाम्या खोलीत तो माझं वाजवणं वाजवत होता, एकही मात्रा न सोडता.

मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. मग मी दार उघडलं. त्याने हेडफोन काढले आणि वळून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किती चुकले?" त्याने विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले. त्याला नीट दिसावं म्हणून हळू बोलले. "पण मी वाजवतच नव्हते."

त्याने एकदा बटणाकडे बघितलं. मग ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुमचा ठेका चांगला आहे, डॉक्टर. मला आवडला होता." मला रडू आलं. पेशंटसमोर मी तोवर कधी रडले नव्हते.

मी तपासणी पुन्हा केली, या वेळी घड्याळाकडे बघून, वाटेल तशी अंतरं ठेवून. दिवा फारसा लागला नाही. टिकटिकीचा आवाज मोठा करून चालेल का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, त्याने उरलेलंही जाईल. त्याने मान डोलावली, आलेखाचा कागद घेतला आणि बाहेर जाऊन स्वतः मित्राच्या हातात दिला. दोघं त्यांच्या भाषेत थोडं बोलले. मग ड्रमर टॅक्सी बघायला खाली गेला. कागद न बघताच गायकाने तो घडी करून खिशात ठेवला.

"तुम्ही बघितला नाही," मी म्हणाले.

"आम्हाला दोन वर्षांपासून माहीत आहे," तो म्हणाला. "तो पुढे धावला की आम्ही धावतो. मागे पडला की आम्ही मागे पडतो. चौघंही त्याच्या हातांकडे बघत वाजवतो, म्हणून त्याला आपण चुकतोय हे कधी कळलंच नाही. हॉटेलात हे चालतं. कॉम्प्युटर मात्र कोणासाठी थांबत नाही."

"मग सांगितलं का नाही त्याला?"

"तुम्ही सांगितलं असतं?"

तो जिन्याकडे गेला, पुन्हा वळला आणि म्हणाला, "हे हातांकडे बघण्याचं, ते त्याला सांगू नका."

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. कशाला आला तपासायला?" तो उगाच बोलला नव्हता, पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही आणि आम्ही विनाकारण भांडलो.

ईदनंतर त्यांनी हॉटेलचं काम सोडलं. चौघं जर्मनीला जाणार होते, ड्रमवर एका नव्या पोराला घेऊन. हा मात्र गावी, बहिणीकडे. जाण्याआधीच्या रविवारी दुपारी त्याने मला त्या खोलीवर बोलावलं. मुलीला घेऊन गेले. खाली सुतारकामाच्या यंत्रांवर प्लास्टिक टाकलेलं, वर एसीची घरघर, भिंतींना जुन्या गाद्या. मी स्वतः इअरप्लग घातले, मुलीलाही घालायला लावले, आणि तिने डोळे फिरवत घातले.

त्यांनी ते लांब गाणं वाजवलं, तिसऱ्या अल्बममधलं. प्लगमधूनही छातीत आदळत होतं. मला संगीतातलं काही कळत नाही, पण अंतरं कळतात. मध्यावर तो मागे पडायला लागला. थोडा, मग आणखी. बाकीचे चौघे त्याच्या हातांवर डोळे ठेवून त्याच्याबरोबर हळू होत गेले. त्याने डोळे मिटले होते आणि त्याचा चेहरा शांत होता.

मुलगी माझ्या कानाशी वाकली. "मम्मा, दे आर सो टाइट. लाइक वन पर्सन."

मी हो म्हणाले.

सोमवारी सकाळी बस आली. पहिला आत आला तो एक तरुण वेल्डर, नवीनच, मोठ्या उत्साहात. त्याला खोलीत बसवलं, हेडफोन घातले, बटण दिलं, माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. तो पाठमोरा, अंगठा तयार ठेवून बसला. मी पहिला आवाज सोडला आणि त्याने लगेच दाबलं. दुसरा कधी सोडायचा, ते मला कितीतरी वेळ सुचलं नाही.