स्प्लिटर घासला म्हणून

डिंडोलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचा वेग रोखणारा जो बंप आहे, तो पालिकेने घातलेला नाही. भरधाव गाडीने माझ्या आईचा पाय मोडला, पालिकेला सांगून सांगून आमचे घसे बसले, तेव्हा गल्लीनेच सिमेंट आणून तो घातला.

बंपसमोरच मामाचं गॅरेज. एकदा एका पॉवरलूम कारखानदाराचे चिरंजीव तिथे स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. कारखान्यावर जायला यांना आमचीच गल्ली जवळ पडते. पुढच्या बंपरखालची पातळ काळी पट्टी, म्हणजे स्प्लिटर, घासून घासून फाटली होती. नवी सोबत आणली होती.

मामा गाडीखाली शिरून जुनीचे बोल्ट काढत होता. चिरंजीव म्हणाले, "चाचा, ये लग जाए तो वो बंप भी तोड़ देना."

"आणि पाय मोडतात त्याचं काय?" मी विचारलं.

"तेरे से बात नहीं कर रहा."

"मी तुझ्याशीच बोलतेय."

"पोरी, पाना दे," मामा खालून ओरडला. दिला, पण आपटून.

नवा स्प्लिटर बसल्यावर मामा बंपच्या कडेला उभा राहिला आणि हाताने इशारे करत त्याने गाडी तिरकी, अगदी हळू पार करवली. कुठेही घासली नाही.

"बघा शेठ, तोडायची गरज नाही. रोज असंच यायचं."

"इतना धीरे?"

"इतकंच."

असल्या माणसाला शेठ म्हटल्याचा राग मला अजून आहे. त्याच संध्याकाळी मी बंपवर सिमेंटचा आणखी एक थर द्यायचं काढलं. मामा नको म्हणाला. आई म्हणाली, "दे."